पडलेल्या पैलवानाचं गाव

कादंबरी प्रकाशकांकडून परत आली, त्याच आठवड्यात मी नवऱ्याला जाहीर केलं, "सांगलीला जाऊन येते. बापूअण्णा सोड म्हणाले, तर लिहिणं सोडणार."

"बरं. येताना भडंग आण," तो म्हणाला. एवढाच काय तो घरचा पाठिंबा!

बापूअण्णा लेखक नव्हेत, कुस्ती मैदानाचे निवेदक. शिराळ्याजवळच्या आमच्या गावात जत्रेला कुस्त्या व्हायच्या, पण तेव्हा बायका-मुलींनी मैदानात जायची रीत नव्हती. आम्ही पोरी शाळेच्या भिंतीमागे बसून नुसता कर्णा ऐकायचो. अण्णांच्या आवाजातून मला पैलवानाच्या पाठीवरची माती दिसायची. डोळ्यांसमोर नसलेलं शब्दांनी दाखवता येतं, हे मला त्या भिंतीमागं कळलं, आणि आपल्यालाही ते जमावं असं तेव्हापासून वाटत आलं.

शनिवारी उजाडताच पुण्याहून गाडी काढली. साताऱ्यात कंदी पेढे घेतले. तुम्हीही घ्याल तर हायवेवरच्या पाट्यांना भुलू नका, गावात शिरा. कराड सोडलं की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, तिथं घाई करून उपयोग नसतो. पेठ नाक्यावरून डावीकडे वळलं की इस्लामपूरवरून सरळ सांगली.

अण्णांचं घर कुपवाडला. तिथल्याच एका कारखान्यात त्यांनी लेथवर नोकरी केली, आणि सुट्टीच्या दिवशी माईक धरला. आता कारखाना सुटलाय, माईक सुटलेला नाही. मी शिराळ्याकडची म्हणून ओळख सांगितली, पेढे पुढं ठेवले आणि सगळं रडगाणं गायलं.

"परत आली म्हंजी पडली म्हन की!" अण्णा मोठ्यानं हसले.

मला रागच आला. "हो, पडली. आता लिहू की सोडू, ते सांगा."

"उद्या तुमच्याच भागात मैदान हाय. तितं ये."

"अण्णा, मी एवढ्या लांबून आले..."

"म्हनूनच म्हनतोय, ये."

रात्री सांगलीत स्टँडजवळच्या साध्या लॉजवर राहिले. खोली स्वच्छ होती, गरम पाणी सकाळीच येतं. सकाळी कृष्णेच्या घाटावर पाय बुडवून बसले, पण डोक्यात एकच, हा म्हातारा सरळ का सांगत नाही?

आल्या वाटेनं पेठ गाठून शिराळ्याकडे गेले. मैदानाबाहेर वडापाव, उसाचा रस, सगळं खिशाला झेपेल असं. आता बायकांना बसायला वेगळी जागा असते, पोरींच्याही कुस्त्या लागतात. आयुष्यात पहिल्यांदा मी भिंतीच्या अलीकडे होते. खरं सांगू? भिंतीमागून जास्त भारी दिसायचं. इथं बराच वेळ दोन माणसं डोक्याला डोकं लावून नुसती उभी असतात. त्या रिकाम्या वेळात अण्णा बोलत राहतात: याचा वस्ताद कोण, त्याच्या घरी दुभतं किती, कुणाची आई दर मैदानाला उपास धरते.

मग एक कुस्ती निकाली झाली. हलगी कडाडली, लोकांनी जिंकलेल्याला खांद्यावर घेतलं. माईक मात्र त्याच्याकडे गेलाच नाही.

"पडला त्यो संभा, मांगल्याचा! दिवसा शेरडं राखतो आन् सांजच्याला तालमीत घुमतो. मंडळी, गाव ध्यानात ठेवा. मांगलं!"

संभा माती झटकत उठला आणि त्यानं लोकांना हात केला. माझे डोळे भरून आले. तोवर अण्णांची नजर माझ्यावर पडली.

"आनि आपल्या भागाची लेक वंदनाताई पुन्यास्नं आलीया! कादंबरी लिवली, ती पडली. पन ताई परत उतरनार हाय! वाजवा टाळ्या!"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. हलगी पुन्हा कडाडली. कमिटीतल्या एकानं माझ्या डोक्याला फेटा गुंडाळायला घेतला, "मान हलवू नका, ताई." शेजारच्या आजोबांनी चौकशी सुरू केली.

"पुस्तक कवा येतंय?"

"येईल की."

"आवं, कवा?"

"पुढच्या जत्रेला," मी बोलून गेले. आजोबांनी ते लगेच मागच्या ओळीला सांगितलं.

निघताना अण्णांच्या पाया पडले. लिहू की सोडू, हे विचारायचं राहूनच गेलं. दिवसभर बोलून त्यांचा घसा बसला होता, त्यांनी पाठीवर थोपटलं.

पुण्यात पोचले तेव्हा नवरा फेटा बघून पोट धरून हसला आणि भडंगाची पिशवी घेऊन टीव्हीसमोर बसला. मी कादंबरी काढली. तिसऱ्या प्रकरणात एक बाई सरपंचपदाची निवडणूक हरते. दोन ओळींत मी तिला वाटेला लावलं होतं. 'पराभूत उमेदवार', बस्स. आता तिला नाव दिलं, गाव दिलं. हरून घरी आल्यावर ती पहिल्यांदा कुणाशी बोलली असेल, असं स्वतःला विचारलं आणि लिहायला घेतलं. जेवायला हाक आली, तेव्हा ती बाई अजून बोलत होती.