घर बसलं

माझ्या सासूच्या घरात दिवा कधी विझला नाही, तो शांत झाला. बांगडी फुटली नाही, वाढवली. घराबाहेर पडताना कुणी "जाते" म्हटलं की ती डोळे वटारायची, "येते म्हन." वाईट शब्द तोंडातून काढला की वाईट गोष्ट उंबऱ्याशी येऊन बसते, असं तिचं ठाम मत होतं. या मतापायी आमचं घर जाता जाता राहिलं. त्याचीच ही गोष्ट.

मी जालन्याची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम, गल्लीत निम्मी घरं दखनी उर्दू बोलणारी, त्यामुळे ती बोली मी खेळता खेळताच शिकले. लग्न होऊन गेले ते दुधना नदीतल्या बेटावर. परतूरच्या खाली नदीचे दोन फाटे होतात आणि पुढे पुन्हा एक होतात. त्यांच्यामधल्या चढावर आमची पंधरा-वीस घरं. उन्हाळ्यात चपला हातात घेऊन पार करायचं, पावसाळ्यात भोयाच्या सांगडीवरून. सांगड म्हणजे वाळलेल्या भोपळ्यांवर बांधलेली बाज, तिच्यावर जीव मुठीत धरून बसायचं. पहिल्यांदा बसताना मी रडले, तेव्हापासून माझं नाव पडलं "सोने का पालना". "जालना, सोने का पालना" ही आमच्या गावाची म्हण सासरच्यांनी माझ्यावर इतकी उगाळली की मला माझ्याच गावाचा राग यायला लागला.

त्या वर्षी श्रावण संपताना नदी दोन्ही अंगांनी वर आली. मातीच्या भिंती आतून भिजल्या आणि एका पहाटे आमच्या तीन भिंती गेल्या. आढं आलं ते थेट सासऱ्यांच्या मांडीवर. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कांबी बांधल्या आणि त्यांना बेटाच्या दुसऱ्या टोकाला मारुतीच्या देवळात नेऊन ठेवलं. देऊळ कसलं, तीन बाजूंनी आडोसा आणि समोरून उघडं. पाऊस तिरपा आला की आत्याबाई, म्हणजे माझी सासू, घोंगडी धरून देवाकडे पाठ करून उभी राहायची, म्हणजे पाणी तिच्या अंगावर यावं, मामंजींच्या नाही. त्यांना खोकला लागला होता. हाड बसवणारा जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "थंडीच्या आत ह्यांना छप्पर पायजे, पोरी. न्हाईतर पाय ऱ्हाईल आन् मानूस जाईल."

छप्पर आणायचं कुठून? मग कळलं, निजाम सरकार इमदाद देतंय. इमदाद म्हणजे मदत, परत न करायची. ज्यांचं अख्खं घर गेलं त्यांना सरकारी जंगलातलं लाकूड आणि वर काही रोकड. अर्धंमुर्धं पडलेल्याला काही नाही. पाहणीला गिरदावर येणार, म्हणजे तहसीलचा तपासणीदार. नवीनच हैदराबादेहून आलेला, मराठी जेमतेम.

आत्याबाईनं काय केलं असेल? आमची पुढची एकटी भिंत दारासकट उभी होती. ती तिनं शेणानं सारवली आणि वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मी म्हटलं, "आत्याबाई, राहू द्या की तसंच. पडलेलं दिसायला पाहिजे."

"सरकार दारी येनार आन् दार भुंडं? आमच्यात असलं न्हाई चालत."

हस्ताच्या पावसात गिरदावर आला. नवरा बैल घेऊन पलीकडे अडकला होता. पटवारी आमच्या वतीनं बोलणार होता, पण सांगड बघितल्यावर त्याच्या पोटात कळ आली आणि तोही पलीकडेच राहिला. गिरदावरही काही कमी भ्यालेला नव्हता. सांगडीवरून उतरल्याबरोबर बेटाच्या काठावरच्या लिंबाखालीच त्यानं बैठक मारली आणि तिथूनच एकेकाला विचारायला लागला. पाणी वाढत होतं. भोई सारखा ओरडत होता, "साहेब, जल्दी करा, पानी चढून राह्यलं!"

"घर?" गिरदावर विचारायचा. कुणी म्हणालं "पडलं", कुणी "वाहून गेलं". तो मान हलवायचा, कागदावर काहीतरी ओढायचा, पुढचा.

आमची पाळी यायच्या आधी मी पदराआडून कुजबुजले, "पडलं म्हणा."

आत्याबाईनं मान फिरवून माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीत गेले. नव्या सुनेनं परक्या पुरुषांपुढे ओठ हलवायचे नसतात.

"घर?"

तिनं हात जोडले. "घर बसलं, साहेब."

आपल्याकडे भिंत बसते, विहीर बसते, घर बसतं. म्हणजे खचतं, जमिनीला मिळतं. पण त्याच्या भाषेत घर बसणं म्हणजे संसार थाटणं. त्यानं वर बघितलं, दूरवर सारवलेली भिंत, तोरण, आणि तिच्या मागे मी, हिरव्या चुड्यातली नवी नवरी. त्याचा चेहराच खुलला.

"बस गया? मुबारक हो! बहुत अच्छा." आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

आत्याबाईला त्यातलं "अच्छा" तेवढं कळलं. मिळाली इमदाद, असं समजून तिनं त्याला दोनदा नमस्कार केला. मला म्हणाली, "बघ, नीट बोललं की बराबर काम होतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ओरडून सांगावं वाटत होतं, पण भोवती सगळं बेट, चुलतसासरे, जाणती माणसं. तोंड उघडलं तर जन्माची बदनामी, नाही उघडलं तर देवळातला खोकला.

गिरदावर उठला. सांगडीकडे चालायला लागला. त्यानं एक पाय बाजेवर ठेवला तेव्हा मी धावले.

"साब! घर बस्या नै. घर बैठ गया!"

मी त्याच्याच भाषेतला शब्द सांगितला होता, आणि नशीब माझं, त्या भाषेतही घर पडत नाही, नुसतं खाली बसतं. सासूचा नेम मी मोडला नव्हता. पण हे तेव्हा कुणाला सांगू?

गिरदावर चिडला. "बैठ गया? तो वो सामने क्या खडा है?"

"दरवाजा है, साब. ढकल के देखो."

भोई बोंबलत होता. गिरदावरानं एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चिखल तुडवत वर आला. तोरणाखाली उभं राहून त्यानं दार ढकललं. पलीकडे ढेकळं, भिजलेलं धान्य आणि आभाळ. कागदावरची आमची ओळ त्यानं तिथंच खोडली आणि नव्यानं लिहिली. परत जाताना कंबरेपर्यंत भिजला, पण कागद त्यानं डोक्यावर धरले होते, आणि त्यावर आता आमचं घर बसलेलं नव्हतं.

आत्याबाई माझ्याशी बोलेना. गावानं मला "गिरदावरीण" म्हणायला सुरुवात केली. मी भाकरी वाढायची, ती ताट ओढून घ्यायची, बस्स.

इमदाद मंजूर झाली. पण सरकारी मंजुरी आणि सरकारी लाकूड यांच्यामध्ये दुधनेपेक्षा रुंद नदी असते. दिवाळी गेली, थंडी पडली. पौषात लाकडं आली, नवऱ्यानं आणि भोयानं ती पाण्यातून ओढत आणली. त्याच्या आदल्या आठवड्यात मामंजी देवळातच गेले.

तरीही घर उभं राहिलं. तीन महिन्यांत, चढावर, दगडी जोत्यावर, सागाच्या खांबांचं. आत गेलो त्या दिवशी आत्याबाई खांबाला हात लावत सगळीकडे फिरली आणि चुलीजवळ येऊन बसली. मामंजींची घोंगडी तिच्या मांडीवर होती. किती दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

"बसलं बाई घर," ती म्हणाली.

ते तिनं गिरदावराच्या भाषेत म्हटलं की आपल्या, हे मी विचारलं नाही. तिच्याजवळ बसले आणि रडले.