साकोलीची गाडी

लाखनीच्या बसस्टँडवर तो मला रोज दिसायचा. दाढी केलेली, शर्ट खोचलेला, मांडीवर एक थैली. कोणालाही विचारायचा, "साकोलीची गाडी गेली का जी?" गाडी आली की उठायचा, पँट झटकायचा, चार पावलं चालायचा आणि परत बाकावर येऊन बसायचा. प्रवाशासारखं दिसलं की रात्रीही स्टँडवरून कोणी हाकलत नाही, हे कळायला मला बरेच दिवस लागले. कळल्यावरही मला हेवाच वाटला. कमी सामानात जगण्याचं मला भारी कौतुक.

एकदा म्हणालो, "तुमचं बरं आहे भाऊ, एका थैलीत संसार."

"थैली एकच पुरते जी," तो म्हणाला, "पन ठेवाले जागा लागते ना."

गेल्या आठवड्यात घरमालकानं खोली खाली करायला सांगितली. दुसरी पाहायला जातो तिथं आधी आडनाव विचारतात, मग खोली कालच दिलेली असते.

काल त्यानं विचारलं, "चेहरा काहून उतरला जी?"

मी सगळं सांगून टाकलं. तो थैली पोटाशी धरून बाकावर थोडा सरकला आणि शेजारी जागा केली.

गाडीचा पत्ता नव्हता, तरी मी गाडी आल्यासारखा रस्त्याकडे चालू लागलो.