नत्थुजींचे उलटे मोर

चांदूर बाजारला आमच्या शेजारी नत्थुजी माळी राहत. सकाळभर वांग्यांच्या वाफ्यात राबणारा हा माणूस जेवण झालं की बायकोची सुई घेऊन ओट्यावर बसे. टाके बोटभर लांब, पण चेहरा कसा फुललेला!

लढाईमुळे कापड मिळेनासं झालं, त्या वर्षी त्यांनी चिंध्या जोडून पोळ्यासाठी बैलाची झूल शिवली. माझ्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ मागून नेला आणि त्यातून कापून दोन ओळींत बारा मोर बसवले. पोळ्याच्या दिवशी झूल पाठीवर टाकली, तर डावीकडचे मोर सरळ आणि उजवीकडचे खाली डोकं, वर पाय! झूल दोन्हीकडे लोंबते, हे जमिनीवर पसरून शिवताना त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

धाकटे भाऊ खुशालराव संतापले. "दादा, हे काढ. नाईतर मी तोरणाखाली येत नाई. सारं गाव हासन!"

"हासू दे ना बाप्पा! मले शिवताना लय मजा आली. ते काय उसवून टाकू?"

गावातले सारे बैल जिथे जमत त्या तोरणाखाली दरवर्षी दोघे भाऊ मिळून जोडी नेत. यंदा नत्थुजी एकटेच दोन्ही कासरे धरून निघाले, पण सारखे मागे वळून पाहत होते.

"नत्थुजी, मोर कावून उलटे जी?" तोरणाजवळ कोणीतरी ओरडलं.

"तिकडचे नाचून राहिले, इकडचे पानी पिऊन राहिले!"

गर्दी खदखदली. सर्वांत मोठं हसू मागून आलं. खुशालराव डोळे पुसत पुढे आले आणि त्यांनी एक कासरा भावाच्या हातातून घेतला.