पान एकेचाळीस

समुद्रविज्ञान संस्थेच्या ग्रंथालयात त्यांना माई म्हणत. नोकरीला लागल्या तेव्हा त्या जेमतेम पंचविशीच्या होत्या, पण पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ प्राध्यापकाला नकाशांच्या टेबलावर चहाचा कप ठेवताना पकडून त्यांनी कपासकट बाहेर काढलं, आणि त्या दिवसापासून साठीचे शास्त्रज्ञसुद्धा त्यांना माई म्हणू लागले. त्या गोष्टीला आता एकोणतीस वर्षं झाली होती.

एका सोमवारी संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं. तीन आठवड्यांनी संस्थेच्या मूल्यमापनासाठी बाहेरची समिती यायची होती.

"माई, गेल्या चाळीस वर्षांत आपण काय लिहिलं, कशावर लिहिलं, आणि जगाने त्याची किती दखल घेतली, याचा एक अहवाल हवाय. आलेख भरपूर टाका. समितीला वाचायला वेळ नसतो."

दखल मोजायची कशी, हे माईंना कुणी शिकवायला नको होतं. प्रत्येक शोधलेखाच्या शेवटी, आपण कुणाकुणाच्या लेखांचा आधार घेतला याची यादी असते. त्या यादीत तुमचा लेख आला की तुमच्या खात्यात एक उल्लेख पडला; शास्त्रज्ञांच्या बोलीत सायटेशन. कुणाला किती उल्लेख, यावर बढत्या ठरतात, अबोले धरले जातात. संस्थेत सगळ्यांत वरचा नंबर खुद्द संचालकांचा होता. नदीच्या मुखाशी प्रवाह कसा वळतो, यावरच्या त्यांच्या लेखाला दोनशे एकोणनव्वद उल्लेख होते, आणि हा आकडा त्यांच्या ड्रायव्हरलाही पाठ होता.

माई कामाला लागल्या आणि दोन दिवसांत त्यांना कामाची चटकच लागली. जुन्या वर्षांत सगळं मासे आणि प्रवाह. मग मधेच दहा वर्षं गाळाची लाट. नंतर गाळ मागे पडून प्लास्टिकचे कण. आणि अलीकडे जिकडे बघावं तिकडे समुद्राचं तापमान. पूर्वी एका लेखाला दोन लेखक असत, आता चौदा. लेखांची संख्या चौपट झाली होती, पण शंभरातल्या एकतीस लेखांचा उल्लेख आजवर एकदाही कुणी केला नव्हता. त्यांतले कित्येक लेख माईंनी स्वतः टपालात घातले होते. त्यांना उगाच वाईट वाटलं.

मोजदाद संगणकच करत होता. पण संगणकाला एक खोड असते. लेखकाचं नाव, नियतकालिक, साल, पान, सगळं तंतोतंत जुळलं तरच तो उल्लेख मोजतो. न जुळलेल्या नोंदी एका वेगळ्या यादीत ढकलून देतो आणि ती यादी कुणी उघडत नाही. माईंनी उघडली. एकोणीसशे चाळीस बेवारस ओळी निघाल्या.

"सोडा ना ते," बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सांगितलं. "कचरा असतो तो."

माईंनी सगळ्या ओळी छापल्या, पिशवीत घातल्या आणि रविवारी सकाळी घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या.

सासूबाई भाजी निवडायला येऊन बसल्या, तर टेबलावर जागाच नाही. त्यांचं वय एक्याऐंशी. उभा जन्म टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून गेलेला, त्यामुळे नावं आणि आकडे यांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा घरात कुणी नव्हता.

"काय हा पसारा?"

"चुकीचे पत्ते आहेत, आई. कुठे नाव चुकलंय, कुठे साल. कोण कुणाचं ते कळत नाही."

सासूबाईंनी भाजीची जुडी बाजूला सारली, चष्मा चढवला आणि एक कागद ओढला. पाऊण तासाने त्यांनी मान वर केली.

"अगं, हे बघ. इथे आडनाव एक, तिथे दुसरं, या ओळीत तर नुसती आद्याक्षरं. मासिकाचं नाव पण सहा तऱ्हांनी. साल कधी हे, कधी त्याच्या पुढचं. पण पान बघ."

माईंनी पाहिलं. पान एकेचाळीस. खालच्या ओळीत, पान एकेचाळीस. पलीकडच्या कागदावर, पान एकेचाळीस.

"आमच्याकडे एकाच गिऱ्हाइकाची चार-चार आडनावं असायची," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही नंबर धरायचो. नाव धरलं की घोळ."

मग त्या रविवारी त्या घरात भाजी झाली नाही. माईंचे यजमान फिरून आले, त्यांनी दोघींचे चेहरे पाहिले आणि मुकाट्याने कुकर लावला. सासूबाई ओळी वाचत होत्या, माई खुणा करत होत्या, आणि आकडा चढत होता. शंभर झाले. दोनशे झाले. दोनशे एकोणनव्वद ओलांडले तेव्हा माईंच्या हातातली पेन्सिल थांबली.

"थांबलीस का? अजून दोन गठ्ठे आहेत," सासूबाई म्हणाल्या.

एकूण चारशे बारा.

सोमवारी ग्रंथालय उघडायच्या आधी अर्धा तास माई फडताळापाशी उभ्या होत्या. संस्थेची स्वतःची एक पत्रिका होती, वर्षातून दोनदा निघणारी, पिवळट मुखपृष्ठाची. नऊ वर्षांपूर्वी त्या फडताळाला वाळवी लागली, तेव्हा घाबरून माईंनीच सगळे अंक स्कॅन करून इंटरनेटवर चढवले होते. सत्तावीस वर्षांपूर्वीचा अंक त्यांनी काढला आणि पान एकेचाळीस उघडलं. लेख चौदा पानांचा. विषय: धक्क्यावरून रोज सकाळी आठ वाजता मोजलेलं समुद्राच्या पाण्याचं तापमान, सलग एकवीस वर्षं. लेखिका: प्रयोगशाळा सहायक.

माईंना त्या आठवल्या. सगळे त्यांना बादलीताई म्हणत. ऊन असो की वारा, सकाळी आठला त्या दोरीला बांधलेली बादली धक्क्यावरून खाली सोडायच्या, पाणी वर ओढायच्या, त्यात तापमापी बुडवून दोन मिनिटं थांबायच्या आणि आकडा वहीत लिहायच्या. त्यांच्या त्या लेखाला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता जगभर तापमानाचा अभ्यास सुरू झाला, जुन्या सलग नोंदींना सोन्याचा भाव आला, आणि शोधणाऱ्यांना माईंनी चढवलेला तो अंक सापडला. वाळवीने केलेलं काम, माईंच्या मनात आलं, आणि त्या एकट्याच हसल्या.

मग त्या संचालकांच्या खोलीत गेल्या. माईंनी कागद पुढे ठेवला. संचालकांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे माझा लेख दुसरा."

"हो."

"खात्री आहे?"

"सासूबाईंची आहे," माई बोलून गेल्या आणि जीभ चावली.

संचालकांनी पुढचे तीन दिवस बैठका रद्द केल्या आणि एकेक लेख उघडून स्वतः तपासायला बसले. पहिल्या दिवशी ते चुका शोधत होते, हे माईंना दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतःच ग्रंथालयात आले, हातात लॅपटॉप, शर्टाची बाही एकच दुमडलेली.

"माई, हे बघा. ही मंडळी कुठल्या कुठे बसलीयत आणि आपल्या धक्क्याच्या आकड्यांवरून स्वतःचं गणित ताडून बघताहेत. आणि मी त्या धक्क्यावर रोज गाडी लावतो."

दुबार आणि खोट्या सव्वीस नोंदी गळाल्या. उरले तीनशे शहाऐंशी.

"त्यांना कळवलंत का?" संचालकांनी विचारलं.

बादलीताईंचा फोन लागेना, म्हणून माई शुक्रवारी बसने गेल्या. तासाभराचा प्रवास, मग दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दार बादलीताईंनीच उघडलं. बहात्तर वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा, नजर तशीच रोखून बघणारी. माईंनी पाणी प्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. त्यांना धीरच निघत नव्हता.

बादलीताई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीनशे शहाऐंशी? कोण वाचतं गं तो लेख?"

"सगळे वाचतात, ताई. जगभर."

"बरं. मग त्यांनी ते एकाहत्तर दिवस वगळले ना?"

"कुठले एकाहत्तर दिवस?"

"नवव्या वर्षीचे. तापमापीतला पारा तुटला होता. एक थेंब नळीच्या वरच्या टोकाला जाऊन चिकटला, त्यामुळे आकडा कमी दाखवायची. रोज एक पूर्णांक तीन अंशाने कमी. मला संशय आला म्हणून मी ती बर्फाच्या पाण्यात बुडवली. शून्य दाखवायला हवं होतं, दाखवलं नाही. लेखात मी तळटीप दिली होती."

लेखात तळटीप नव्हती. त्यांनी तो इतक्यांदा वाचला होता की शपथेवर सांगितलं असतं. आणि त्या उल्लेखांच्या यादीत निदान अकरा लेख असे होते, ज्यांचं शीर्षकच नवव्या वर्षीच्या त्या अचानक आलेल्या थंडीबद्दल होतं. कुणी त्याचं कारण खोल पाण्यातल्या प्रवाहात शोधलं होतं, कुणी लांबच्या ज्वालामुखीत.

"ताई, तळटीप छापलीच नाही."

"संपादक म्हणाले होते जागा कमी आहे," बादलीताई सावकाश म्हणाल्या. "मला वाटलं, दुसरं काहीतरी कापतील."

मग बादलीताई उठल्या, कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातल्या चादरी बाहेर काढून पलंगावर टाकल्या. चादरींच्या मागे वह्या होत्या. निळ्या पुठ्ठ्याच्या, पाठीवर सालाची चिठ्ठी. नवव्या वर्षीची वही त्यांनी न शोधता ओढली. त्यात होतं सगळं: कुठल्या दिवशी संशय आला, बर्फ कुठून आणला, आकडा किती आला, नवी तापमापी कधी मिळाली. माई मोजत होत्या, पण वह्यांचा मेळ बसेना.

"ताई, लेख एकवीस वर्षांचा. वह्या चौतीस कशा?"

"लेख छापून आला म्हणून मी मोजायचं थांबवलं की काय? निवृत्त होईपर्यंत मोजत होते. पुढची तेरा वर्षं कुणी मागितलीच नाहीत."

माई पलंगावर चादरींच्या ढिगातच बसल्या. ग्रंथपालाच्या आयुष्यात असा क्षण एकदा आला तरी पुष्कळ. त्यांनी संचालकांना फोन लावला. आधी चूक सांगितली. पलीकडून प्रश्न आला.

"वह्या किती आहेत म्हणालात?"

"चौतीस. एकही दिवस कोरा नाही. आजारपणात बहीण जायची धक्क्यावर, तेही लिहिलंय."

"मी गाडी पाठवतो. नाही, नको. मीच येतो."

पुढचे दहा दिवस संस्थेत लगीनघाई होती. ज्याला टंकता येत होतं तो प्रत्येक माणूस आकडे भरत होता. बादलीताई मधे खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि सात आणि एक यांतला फरक ओळखू न येणाऱ्या शास्त्रज्ञांना खडसावत होत्या. नवव्या वर्षाचा खड्डा बुजला, शेवटची तेरा वर्षं जोडली गेली आणि पडद्यावर रेघ उमटली. खोलीतले सगळे उभे राहून बघत होते. रेघ आधी रेंगाळत, मग ठामपणे वर चढत होती. समुद्र तापत होता हे त्यांना ठाऊक होतं. पण आपल्या रोजच्या धक्क्याखालचं पाणी तापताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. कुणीतरी हळूच खुर्ची पुढे सरकवली, कुणी फोटो काढला, आणि मग सगळे एकदमच बोलू लागले.

समिती आली. संचालकांनी आलेख दाखवला आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की संस्थेचा सर्वाधिक उल्लेखलेला लेख त्यांचा नाही. दुसऱ्या वाक्यात चूक सांगितली. समितीतल्या एक पाहुण्या शास्त्रज्ञ ताठ बसल्या. त्या अकरा लेखांतला एक त्यांचा होता.

"मी त्या एकाहत्तर दिवसांवर दोन वर्षं घालवली आहेत," त्या म्हणाल्या.

"मी बर्फाचा एक खडा घालवला," कोपऱ्यात वह्यांपाशी बसलेल्या बादलीताई म्हणाल्या.

पाहुण्या बाई आधी लाल झाल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या दोघी नववी वही मधे ठेवून बसलेल्या दिसल्या, आणि समितीचं पुढचं सत्र पाऊण तास उशिरा सुरू झालं.

दुरुस्ती आणि चौतीस वर्षांच्या नोंदी चार महिन्यांनी एका मोठ्या नियतकालिकात छापून आल्या. पहिलं नाव बादलीताईंचं, पूर्ण, एकाच तऱ्हेने लिहिलेलं. दुसरं संचालकांचं. तिसरं माईंचं. लेखकांच्या यादीत माईंचं नाव आयुष्यात पहिल्यांदा आलं. शेवटी आभारात सासूबाई होत्या, आणि त्यांनी ते पान शेजारच्या तीन घरांत नेऊन दाखवलं. अकरा लेखांच्या लेखकांपैकी आठ जणांची पत्रं आली. सात नम्र होती. आठव्याचं म्हणणं होतं की थंडी खरीच होती आणि तापमापी निर्दोष होती. बादलीताईंनी त्याला बर्फाच्या चाचणीची रीत सविस्तर लिहून कळवली.

संस्थेने धक्क्यावर स्वयंचलित यंत्र बसवलं. बादलीताईंनी येऊन ते पाहिलं आणि महिन्यातून एकदा शेजारी बादलीने मोजून ताळा घ्यायची अट घातली. ती अट संचालकांनी लेखी मान्य केली.

माई आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बेवारस ओळींची यादी काढतात. परवा त्यांना जुन्याच पत्रिकेतली एक दोन पानी टीप सापडली, जेलीफिश किनाऱ्याला कधी लागतात यावरची. उल्लेख नऊच, पण नऊही गेल्या दोन वर्षांतले आणि पाच वेगवेगळ्या देशांतले. लेखक संस्थेच्या बोटीवरचे खलाशी होते. माईंनी आस्थापना विभागात जाऊन त्यांचा पत्ता मिळवला, ग्रंथालयाची किल्ली सहकाऱ्याच्या हातात दिली आणि छत्री न घेताच निघाल्या.