सुरयांच्या बेटावर

हतनूर धरणातल्या बेटावर सुरय पक्ष्यांची वसाहत पाहायला आम्ही गेलो होतो. आमच्यात एकटीच आलेली एक म्हातारी होती. तिने दुर्बीण नाकारली. कानामागे हात धरून ती नुसती ऐकत होती.

वाटाड्या म्हणाला, "अक्का, एवढ्या कलकलाटातही आई पिल्लाला आवाजावरून ओळखते."

"अन् पिल्लाचा आवाजच बदलला तं?"

तो गोंधळून हसला.

परतताना होडीत तिचा मोबाइल वाजला. थोडं ऐकून तिने तो माझ्यापुढे धरला. "पोरगा दुबईले हाये. ऐका बरं, तोच बोलू राह्यला का?"

पलीकडून कुणीतरी "आई, आई" म्हणत होतं. त्याचा आवाज मला कुठून माहीत असणार? तरी मी म्हणालो, "तोच आहे."

खरं बोललो की खोटं, मलाच कळेना. तिने फोन कानाला लावला आणि हळूच विचारलं, "जेवले का तुम्ही?"