पायरीवरचं तेरावं

संस्थान विलीन झालं आणि धारच्या सरकारी पागेतले घोडे लिलावात गेले. त्या घोड्यांसाठी गवत कापणाऱ्या बायकांच्या झोपड्या पागेच्या आवारात होत्या, त्याही मोडल्या. त्यांच्यातली एक म्हातारी बाजारातल्या धर्मशाळेच्या ओसरीवर येऊन राहिली. अमझेऱ्याकडची, माणूस कुणी उरलं नव्हतं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. जाता-येता ती मला थांबवायची, "बेन, बैठ जरा," म्हणायची आणि घोड्यांच्या गोष्टी सांगायची. कुठला चावरा, कुठला तिच्याच हातून खाणारा. तिचं स्वतःचं नाव मी कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

धर्मशाळेचे व्यवस्थापक आमच्याच आळीतले, दरबारात कारकुनी केलेले. इंदूरहून साहेबलोक येतात, ओसरीवर भिकारी दिसणं बरं नव्हे, असं म्हणून त्यांनी तिथे गजांचं दार बसवलं आणि कुलूप घातलं. म्हातारी बाहेर पायरीवर आली. पौषातल्या एका सकाळी शाळेत निघाले, तर ती त्या दाराला पाठ टेकून बसली होती. थंडीनं गेली होती. बेवारस प्रेतं नेणारा नगरपालिकेचा गाडा यायचा होता, आणि त्याआधीच व्यवस्थापकांनी तिच्याभोवतालच्या पायऱ्या फिनेलनं धुवायला लावल्या होत्या. पाणी तिच्या लुगड्यात मुरत होतं. मी ओरडले तेव्हा ते शांतपणे म्हणाले की, रोगराई पसरू नये म्हणून करावं लागतं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आई ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "तिचं तेरावं आपण करू. त्याच पायरीवर."

आळीतल्या बायकांनी खीर-पुऱ्या केल्या. पागेतल्या जुन्या घासवाल्या आल्या, समोरचे टांगेवाले आले. जेवणाआधी ज्याला तिचं जे आठवलं ते त्यानं सांगितलं. तिचं नाव मला तिथे कळलं, तिच्या सोबतिणींकडून.

तेवढ्यात व्यवस्थापक हार घेऊन आले. दोन शब्द बोलावेत असं त्यांच्या मनात होतं. आई पायरीवरून उठली.

"भावजी, हार राहू द्या. आधी कुलूप काढा."

"वहिनी, ते धर्मशाळेच्या पंचांनी ठरवायचं असतं."

"मग बोलायचं काय, तेही पंचांनाच विचारून या."

ते हार घेऊन परत गेले. कुलूप मात्र त्या हिवाळ्यात निघालं नाही.

सर्वपित्री अमावास्येला आम्ही पुन्हा तिथेच पानं मांडली. या वेळी लोकांनी आपापली बेवारस माणसं आठवली: मोटार अड्ड्यावरचा आंधळा, तलावाकाठी गेलेली एक बाळंतीण. गर्दी रस्त्यापर्यंत गेली. बाजारात बोलणी सुरू झाली, तेव्हा कुठे पंचांना लाज वाटली आणि थंडीपुरती ओसरी उघडायचं ठरलं.

उघडली, आणि लगेच भिंतीत संगमरवरी पाटी बसली. निराश्रितांसाठी ओसरी खुली करणारे दानशूर म्हणून पंचांची नावं, खाली व्यवस्थापकांचं. जिच्या मरणानं दार उघडलं तिचा उल्लेख नाही. तो लिहावा म्हणून आई दोनदा सांगून आली. जागा नाही म्हणाले.

आम्ही दर सर्वपित्रीला त्या पाटीकडे पाठ करून जेवायला बसतो. पहिला घास बाजूला काढून ठेवताना सगळे मिळून तिचं नाव घेतात, आत बसलेल्या पंचांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.