दिवसाची झोप

खोपोलीजवळच्या कारखान्यात मी चार वर्षं कायम रातपाळी केली. सकाळी आठला शिळफाट्याच्या खोलीवर येऊन पडायचो. बायको पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायची आणि मागच्या दाराने आत यायची, म्हणजे आला-गेला परस्पर जातो. चाळीतल्या सगळ्या रातपाळीवाल्यांच्या दारांना अशीच कुलपं. एकदा माझे वडील कशेळ्याहून जीपने तांदूळ घेऊन आले, कुलूप बघून ओझ्यासकट माघारी गेले. फोन करावा तर माझा बंद.

मुलगी या झोपेतच वाढली. तिला कोणी धाक घातला नाही. आई पातेल्याखाली फडकं घालते, खुणांनी बोलते, एवढं तिने पाहिलं. बोलायला लागली ती कुजबुजतच. शेजारीण म्हणायची, "गुणाची गं पोर, घरात हाय का नाय, कळत पन नाय." मी ते कारखान्यात कौतुकाने सांगत फिरायचो. शहाणाच मी!

मागच्या वर्षी दिवसपाळी मिळाली. कुलूप निघालं, कुजबुज राहिली. बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेतलं. "ती वर्गात तोंडच उघडत नाही. मुलं सांगितलेलं विसरतात, बघितलेलं नाही. घरात जरा मोठ्याने बोलत जा." मी चार दिवस बोललो. मग जित्याची खोड. खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. रातपाळीच्या त्या वर्षांत वाटणंच कमी झालं होतं.

एका रविवारी बायको कळंबला माहेरी गेली होती. मी दोनला जेवून आडवा झालो. जाग आली तेव्हा मुलगी उशाशी बसली होती. मनगट टम्म सुजलेलं.

"बाबा, झाली झोप?"

"काय झालं गं हाताला?"

"ओट्यावरनं पडले."

"कवा?"

"तुमी झोपलात तवा."

पाच वाजून गेले होते. रिक्षात तिला मांडीवर घेतलं. रडू येईल असं वाटलं, आलं नाही.

डॉक्टरांनी मनगट चाचपलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"दुखतंय ना? मग रड की गं, इथं चालतं," डॉक्टर म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"रड," मी म्हणालो. तेही हळूच.